उधाणाची रेघ बघून तंबू लावा
समुद्रकिनाऱ्यावर मुक्काम करताना तंबू 'ओल्या वाळूच्या जरा वर' लावा असं कुणीतरी सांगतं, ते पुरेसं नाही. ओली वाळू फक्त आजची भरती दाखवते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी त्याच्या बरंच पुढे येतं. वाळलेलं शेवाळ, काटक्या यांची सर्वांत वरची रेघ शोधा आणि तिच्याही वर जा. साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, वाऱ्याने सरळ उपटतात. पिशवीत वाळू भरून, तिला तंबूची दोरी बांधून हातभर खोल पुरा. गोडं पाणी माणशी रोज 4 लिटर, वर एका दिवसाचं जादा. कारण समुद्र खवळला की परत न्यायला होडी येत नाही. खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, तंबूबाहेर. मुलांच्या खिशातली बिस्किटंसुद्धा काढून घ्या, उंदीर त्यासाठी तंबू कुरतडतात. कासवांचा विणीचा हंगाम असेल तर रात्री किनाऱ्यावर पांढरा टॉर्च अजिबात नको.