मदत हवी आहे: लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला बायकोला नागपूरला निवांत जेवायला न्यायचं आहे

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या एका लहान गावात राहतो, शेती आहे. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला २० वर्षं होतात. त्या दिवशी बायकोला नागपुरात चांगल्या रेस्टॉरंटमध्ये रात्री जेवायला न्यावं असं मनात आहे. फक्त आम्ही दोघं. मंद उजेड, टेबलावर मेणबत्ती, हळू गाणी, असं ठिकाण. सावजी नको. सावजी दोघांनाही आवडतं, पण तिथं माणूस घाम पुसत जेवतो आणि उठतो, बोलणं होत नाही. आणि तारीख नेमकी गुरुवारी आहे, ती गजानन महाराजांचा गुरुवार पाळते, म्हणून शाकाहारीच हवं.

खरी अडचण पुढे आहे. वीस वर्षांत मी तिला तव्यावरची पहिली पोळी खाताना पाहिलेलं नाही. आधी आई, मग पोरं, मग मी, सालदार असला तर तो, आणि मग ती. गरम पोळी तिच्या पानात दुसऱ्या कुणीतरी वाढावी, दुसरी मागितली तर दुसरी यावी, यासाठी हे सगळं चाललं आहे.

दहाएक वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांच्या कामानं नागपूरला गेलो होतो, तेव्हा एका मोठ्या हॉटेलात शिरलो. वेटर वही घेऊन समोर उभाच. हिनं मेन्यूकार्ड उघडलं, उजवीकडचे आकडे पाहिले आणि मिटवून ठेवलं. "मले भूक नाही," म्हणाली. मी एकट्यानं दाल-रोटी खाल्ली. रात्री घरी आल्यावर ती अंधारात सकाळची भाकर चटणीसोबत खात होती. ते मला अजून विसरता येत नाही.

तिचा हिशेब बियाण्यात चालतो. कपाशीची थैली नऊशे रुपयांच्या घरात आहे. मेमध्ये हातात पैसा असतो तो जूनच्या पेरणीचा, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. "अहो, एवढ्यात तर तीन थैल्या येते," हे वाक्य मला आत्ताच ऐकू येऊन राहिलं आहे.

तर सांगा: तीन हजारांत दोघांचं होईल का? किंमत न दिसणारं मेन्यूकार्ड मिळतं का? गच्चीवरचं रेस्टॉरंट घ्यावं की आतलं? काय मागवावं, आमचा पनीरच्या पुढे अनुभव नाही. आणि आईला काय सांगून निघावं? आमच्या गावात नवरा-बायको नुसते जेवायला म्हणून नागपूरला जात नाहीत.

प्रतिसाद (नागपूरहून)
दादा, आधी अभिनंदन. मेमध्ये गच्ची अजिबात नको. दिवसा पारा ४५ च्या आसपास असतो, रात्री नऊलाही स्लॅब भट्टीसारखा तापलेला असतो आणि गरम वाऱ्यात मेणबत्ती टिकत नाही. धरमपेठ, रामदासपेठ, सदर या भागांत आत बसायची बरीच चांगली ठिकाणं आहेत. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करा, तेव्हा त्यांना बोलायला फुरसत असते. कोपऱ्यातलं टेबल मागा. लग्नाचा वाढदिवस आहे हे सांगा, पण टाळ्या वाजवून गाणं म्हणू नका हेही सांगा. काही ठिकाणी सगळे वेटर गोळा होतात, वहिनींना संकोच होईल.

मागवताना सगळं एकदम मागवू नका. एक सूप दोघांत, मग एक स्टार्टर, ते संपल्यावर पुढचं. "सावकाश आणा, आम्हाला घाई नाही" हे वेटरला बसल्या बसल्या सांगायचं. मश्रूम किंवा कॉर्नचं काही घेऊन पाहा. सिझलर दोघांना एक पुरतं, पण त्याचा धूर आणि चरचर फार, बोलायचं असेल तर टाळा. शेवटी गरम ब्राउनी आणि त्यावर आईस्क्रीम. शाकाहारी दोघांचं तीन हजारांत बसतं. बिनकिमतीचं कार्ड सगळीकडे नसतं, त्यापेक्षा आधीच मेन्यू ठरवून पैसे भरून टाका, कार्ड टेबलावर येणारच नाही.

प्रतिसाद (दारव्हा तालुका)
भाऊ, वरच्यांचं बाकी पटलं, पैसे लपवायचं नाही पटलं. मीही शेतकऱ्याच्या घरातली आहे. घराचा हिशेब ती ठेवते, मग तीन हजार कमी झाले हे तिला आठ दिवसांत कळेल, आणि मग तो घास मागाहून कडू लागेल. तिला आधी सांगा की हे पेरणीचे पैसे नाहीत, यासाठी वेगळे काढले आहेत. आणि खरंच वेगळे काढा, महिन्याला थोडे थोडे. मग तिला साडी ठरवू द्या, वाट पाहू द्या. आम्हाला जेवणाइतकीच ती वाट पाहायला आवडते. सासूबाईंनाही खरं सांगा. देवदर्शनाचं खोटं कारण सांगितलं तर ती पूर्ण वेळ धास्तीत जेवेल. हातानं जेवली तरी काही बिघडत नाही, काट्या-चमच्याचं मनावर घेऊ नका.

प्रतिसाद
बिलात सर्व्हिस चार्ज लावला तर तो देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवले. शांतपणे काढायला सांगा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के असतो. पाणी विचारलं तर "साधं" म्हणा. रात्री मोटरसायकलनं परतू नका, हैदराबाद रोडवर ट्रक फार. बसनं या, ताईंना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि रात्री लॉजवर राहा.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. दारव्ह्याच्या ताईंचं ऐकलं. काल रात्री ओसरीवर तिला सांगून टाकलं, फेब्रुवारीत कापूस विकला तेव्हाच पैसे बाजूला काढले होते तेही दाखवले. बराच वेळ काही बोलली नाही. मग आईलाच विचारलं, "आई, मी कोनती साडी नेसू?" आई म्हणाली, हिरवी.

पैसे आधी भरणार नाही, कार्ड तीच वाचेल. तिनं एकच विचारलं आहे, जेवणानंतर पान मिळते का तिथं. धरमपेठेकडे रात्री दहानंतर चांगलं मघई पान कुठे मिळेल, कुणाला माहीत असेल तर सांगा.