मदत हवी आहे: बाबांच्या चिखल्या आणि केओएच तपासणी

बाबांना दरवर्षी भातलावणीत चिखल्या होतात. पण यंदा दिवाळी होऊन गेली तरी उजव्या पायाच्या करंगळीजवळचं बेचकं पांढरं, भिजल्यासारखंच आहे आणि टाचेला कोंडा सुटतोय. मेडिकलमधून आणलेलं मलम (नंतर कळलं, त्यात स्टेरॉइड होतं!) लावलं की चार दिवस खाज थांबते, मग पुन्हा तेच.

त्वचारोगतज्ज्ञांनी केओएच तपासणी सांगितली. लॅबमध्ये पात्याने कडेची साल खरवडून काचपट्टीवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली बुरशीचे तंतू शोधले. रिपोर्ट निगेटिव्ह. घरी आल्यावर आई म्हणते, "अरे, सकाळीच मलम चोपडलं होतं त्यांनी." घ्या! म्हणजे मलमामुळेच बुरशी दिसली नसेल, असंही असू शकतं.

आता कल्चर (नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं) करू म्हणतायत, त्याला तीन-चार आठवडे. बाबांना शुगर आहे, म्हणून इतकं थांबायची भीती वाटते.

कुणी यातून गेलंय का? नमुना देण्याआधी मलम किती दिवस बंद ठेवायला सांगितलं होतं? आधी केओएचच पुन्हा करून घ्यावी का? आणि लॅबमधलं कुणी असेल तर सांगा, बेचक्यातला ओला पापुद्रा द्यावा की टाचेची सुकी साल?