बाळाचं कागदावरचं रक्ताचं सॅम्पल परत मागितलंय, घाबरायचं कारण आहे का?

कोयनाकाठ, पाटण
भावाला मुलगा झालाय. डॉक्टरांनी टाचेतून रक्त घेऊन जाड फिल्टर पेपरवर गोल भरले, लघवी पण तसल्याच कागदावर घेतली आणि वाळवून कुरिअरनं पुण्याला पाठवलं. आता लॅबवाले म्हणतात रक्ताचं सॅम्पल चालणार नाही, परत द्या. वहिनीचं रडणं थांबेना, आई म्हणतीये बाळात दोष असणार म्हणूनच मागतायत. कागदावरच्या वाळलेल्या रक्तात असं कळतं तरी काय? सरळ बाटलीत का घेत नाहीत?

लॅबवाला मिरजकर
दादा, आधी वहिनींना सांगा, सॅम्पल रिजेक्ट झालं म्हणजे तपासणीच झाली नाही, आजार निघाला असं नाही. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, अमेरिकेत रॉबर्ट गथ्रींनी १९६० च्या दशकात नवजात बाळांसाठी सुरू केली. एवढ्याशा जिवाच्या शिरेतून बाटलीभर रक्त कशाला काढायचं, कार्डातून साधारण ३ मिलिमीटरची टिकली पंच करतात, त्यात जेमतेम ३ मायक्रोलिटर रक्त असतं आणि त्यावर थायरॉईड नीट चालतंय का सांगणारं टीएसएच हार्मोन, जी सिक्स पीडी म्हणजे तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम, वगैरेंची तपासणी होते. पण हा हिशोब कागद सारखा भिजला असेल तरच जमतो. थेंबावर थेंब टाकला तर आकडा उगाच वाढतो, कागद आरपार भिजला नाही तर कमी येतो. डागाभोवती फिकट पिवळसर कडं दिसलं की आम्ही बाजूला काढतो, स्पिरिट वाळायच्या आत टोचलं किंवा टाच पिळली की तसं होतं. आणि आत्ता तुमच्या पाटणच्या पावसात कार्ड ओलंच प्लास्टिकमध्ये गेलं असेल तर संपलंच. सपाट ठेवून, कशाला न टेकवता, सावलीत किमान ३-४ तास वाळवायचं, ऊन नको आणि ड्रायर तर नकोच, मग सिलिका जेलची पुडी घालून बंद पिशवीत.

कोयनाकाठ, पाटण
लई आधार वाटला. मग लघवी वेगळी कशाला हो?

लॅबवाला मिरजकर
रक्तात सी थ्री नावाचा घटक वाढला तर प्रोपिओनिक आणि मिथाइलमॅलोनिक असे शरीरात आम्लं साठणारे दोन्ही जन्मजात आजार संशयात येतात, नेमका कुठला ते लघवीतल्या आम्लांवरून उलगडतं. लघवी पातळ का घट्ट हे कागदावर कळत नाही म्हणून सगळं क्रिएटिनीनच्या, म्हणजे लघवीतून नेहमी बाहेर पडणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाच्या, प्रमाणात मोजतात. कागदाला शी किंवा पावडर लागू देऊ नका.

सिस्टरताई, वाई
भाऊ, परत घेताना टाच आधी कोमट फडक्यानं शेकायला सांगा, टाचेच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही, पहिला थेंब पुसून टाकायचा. बाळाला वहिनींच्या कुशीत दूध पाजतच घ्या, रडणं खूप कमी होतं. घरी कुणी टोचू नका आणि उद्यावर पण ढकलू नका, थायरॉईड कमी निघालं तर औषध पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू झालेलं बरं. मधल्या काळात बाळ दूध ओढेना, सारखं उलट्या करतंय किंवा उठवून पण उठत नाही असं झालं तर रिपोर्टसाठी थांबायचं नाही, रात्र असली तरी तडक बाळांच्या डॉक्टरकडे न्या.