मदत हवी आहे: एका ओळीच्या परीक्षणात बोलीतली कोटी ठेवावी की नाही?

आमच्या चित्रपट मंडळाच्या पत्रकात सभासदांची एकेका ओळीची परीक्षणं छापतो. ती निवडायचं काम माझ्याकडे आहे आणि एका ठिकाणी अडलोय.

कोल्हापूरच्या एका मित्राने मारधाडपटावर लिहिलं, 'जाळ कमी, धूरच जास्त.' मला फार आवडलं. 'जाळ अन् धूर संगटच' हे तिकडचं कौतुकाचं बोलणं ज्याने ऐकलंय, त्याला त्यातली टपली लगेच कळते. नागपूरच्या मैत्रिणीला मात्र वाटलं, सिनेमात आगीचे प्रसंग असतील! तिची स्वतःची ओळ होती, 'संपला ते बरं झालं, पण सुरू झाला काऊन?' इथे 'काऊन'चा अर्थ संदर्भानेच लागतो. त्याजागी 'कशाला' घातलं तर ओळ सपक होते, म्हणून मी हात लावला नाही.

म्हणजे नुसता शब्द बोलीतला असेल तर चालतं. पण कोटीच एखाद्या भागातल्या वाक्प्रचारावर उभी असेल तर बाहेरचा वाचक हुकतो. कंसात अर्थ दिला की मजा गेली. 'सैराट' (२०१६) आल्यापासून 'याड लागलं' कुणाला समजवावं लागत नाही, पण प्रत्येक शब्दाचं नशीब तसं नसतं.

तुम्ही काय कराल? ओळीखाली लिहिणाऱ्याचं गाव छापलं तर पुरेल का? आणि अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांनो, सिनेमाला नावं ठेवायला किंवा डोक्यावर घ्यायला तुमच्याकडे काय म्हणतात, तेही वाक्यासकट सांगा. पुढच्या अंकाआधी मला ते समजून घ्यायचंय.