भरतीची तयारी चालू आहे आणि गुडघ्याची वाटी दुखतेय

गोडोली_८००
वय २१, सातारा. पोलीस भरतीच्या ८०० मीटरसाठी आठवड्यातून तीनदा मैदानावर पळायचे, काही त्रास नव्हता. गेल्या महिन्यात मैत्रिणींच्या नादानं रोज पहाटे अजिंक्यतारा चढउतार सुरू केला, वर शंभर बैठका. पंधरा दिवसांत उजवी वाटी दुखायला लागली, नेमकं बोट ठेवता येत नाही, आतून ठणकते. चढताना चालतं, उतरताना जीव जातो. कराडपर्यंत एसटीत बसले तर उठताना पाय सरळ होत नाही. सूज नाही. एक्स-रेत काही निघालं नाही. आत्या म्हणते, वंगण संपलं, पळणं सोड आणि लग्नाचं बघ. खरंच संपतं का?

माणदेशी
तिळाचं तेल कोमट करून लावा, वर रुईचं पान बांधा. आईला गुण आला.

हळदवाला_सांगली
आईचं वय काय, हिचं काय!

मला हेच दंडोबाच्या डोंगरावरून उतरताना झालं होतं, ४३व्या वर्षी. वंगणाचं विसर. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते. वजन अंगावर घेऊन गुडघा जितका वाकवशील तितकी ती दाबली जाते, म्हणून उतार आणि बैठका नडतात. तू पंधरा दिवसांत तिच्यावर दुप्पट काम टाकलंस. एक्स-रेत हे दिसत नाही.

फिजिओ मॅडमनी मला पायरीवरून एका पायानं सावकाश उतरायला लावलं आणि माझ्याच मोबाईलवर व्हिडिओ काढला. गुडघा सरळ पुढं जायचा सोडून दुसऱ्या गुडघ्याकडं झुकत होता. म्हणाल्या, "दुखतंय गुडघ्यात, कच्चं आहे कुल्ल्यात." मला हसू आलं, त्यांना नाही.

मग दिवसाआड कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, पाठीवर झोपून कंबर उचलायची, भिंतीला पाठ लावून थोडंच खाली बसायचं. नंतर तीच पायरी, आरशासमोर. गुडघ्याला चिकटपट्टीसारखा टेपही लावला होता, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ताकद व्यायामानंच येते. दोन महिने गेले. पहिल्या तीन आठवड्यांत फरक शून्य, तिथंच लोक सोडतात.

पळणं पूर्ण बंद करू नकोस. गड आणि बैठका सध्या बंद, सपाटीवर निम्मं पळ. दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि सकाळपर्यंत निवळलं तर चालतं.

कृष्णाकाठ
सूज आली, गुडघा मध्येच अडकला किंवा पाय दगा द्यायला लागला तर मात्र व्यायामाच्या भरवशावर राहू नका, हाडांच्या डॉक्टरांकडं जा.

गोडोली_८००
उंबऱ्यावरून उतरताना भावानं व्हिडिओ काढला. उजवा आत जातोच, डावापण जातोय, आणि तो तर दुखतसुद्धा नाही. आत्याला दाखवला. तिनं दोनदा बघितला आणि म्हणाली, माझापण काढ.