समछेद की समच्छेद?

मुलगी पाचवीत आहे. काल तिने १/२ + १/३ = २/५ असं उत्तर काढलं. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. बाईंनी फुली मारून शेजारी लिहिलं, 'आधी समछेद करा.' आमच्या वेळी 'समच्छेद' होतं असं आठवतंय. बरोबर काय? आणि छेद म्हणजे कापणं, तर तो खालच्याच आकड्याला का म्हणायचं? भाचा हिंदी माध्यमात आहे. त्याने हिच्या पुस्तकातला 'भिन्नच्छेद' वाचला आणि म्हणाला, 'अपूर्णांकाचा छेद ना?'

— समच्छेदच. संस्कृत समासात ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मध्ये च् घुसतो. पाणिनीचं 'छे च' हे एवढुसं सूत्र त्यासाठीच आहे. पद + छेद = पदच्छेद, परि + छेद = परिच्छेद, स्व + छंद = स्वच्छंद, तसाच समच्छेद.

— आणि शिरच्छेद?

— तो वेगळा. मूळ शब्द शिरस्, म्हणून संस्कृतात शिरश्छेद. मराठीत घासून शिरच्छेद झाला. 'मुक्तछंद' मात्र आपण सर्रास च्-शिवाय लिहितो, तेव्हा बाईंना फार दोष देऊ नका. पण गणितातला हा शब्द जुना आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) 'समच्छेदविधान' असाच आलाय: 'अन्योन्यहाराभिहतौ हरांशौ'. एकमेकांच्या हरांनी अंश आणि हर दोन्ही गुणा, झाला समच्छेद. गंमत बघा, त्या एकाच ओळीत हर आणि छेद दोन्ही आहेत. हिंदीने हर ठेवला, आपण छेद.

भाच्याचंही अगदीच चूक नाही. भिन्न म्हणजे मुळात फुटलेलं, तुटलेलं. त्यावरून हिंदीत भिन्न म्हणजे अपूर्णांक. आपल्याकडे 'वेगळा' हाच अर्थ रुळला, म्हणून भिन्नच्छेद म्हणजे वेगवेगळे छेद असलेले.

— छेद खालीच का, त्याचं उत्तर भाकरीत आहे. किती तुकडे कापले तो छेद, त्यातले किती उचलले तो अंश. मुलीला एवढंच विचारा: अर्धी भाकरी ताटात होती, वर आणखी वाढली, मग ती पाचातले दोन तुकडे, म्हणजे अर्ध्याहून कमी कशी झाली? माझ्या मुलाला लसावि पाठ होता, पण हा प्रश्न ऐकून तो गप्पच झाला. सहा-सहा तुकडे केले की ३/६ आणि २/६, मिळून ५/६.

— लसावि पाठ असणंही वाईट नाही हो. १/६ + १/४ ला सरळ गुणाकार केला तर छेद २४ येतो, लसावि १२ वर थांबतो: २/१२ + ३/१२ = ५/१२. त्याच श्लोकाच्या दुसऱ्या ओळीत हेही आहे. हरांना आधी सामाईक भाजकाने भागून घ्या, मग गुणा.

— आमच्या आजोबांनी 'समच्छेद' शब्द कधी उच्चारला नसेल, पण १९५७ च्या आधी हिशेब तोच चालायचा. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. पाव रुपया ४ आणे, रुपयाचा तिसरा हिस्सा ५ आणे ४ पै, बेरीज ९ आणे ४ पै. म्हणजे सगळ्यांचा छेद १९२. तो नाण्यांतच होता, कागदावर कशाला मांडतील!

— मूळ प्रश्न माझाच. वरचं सगळं मुलीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, मग पाऊण आणि सव्वा मिळवायलाही समच्छेद करायचा का?

— तिला सांगा, करून ठेवलेलाच आहे. पाऊण म्हणजे पाद-ऊन, एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे स-पाद, एकावर पाव. तीन पाव आणि पाच पाव, आठ पाव. किती झाले ते तिलाच सांगू दे.