लिफ्ट कंपनीला द्यायचं पत्र : मसुदा बघून सांगा

सचिव : नमस्कार मंडळी. लिफ्टच्या देखभालीचं पत्र आज द्यायचंच आहे. मसुदा टाकतोय, दुपारपर्यंत सूचना द्या.

"महोदय, आपल्या कंपनीची सेवा अत्यंत निकृष्ट असून गेले कित्येक महिने सर्व सभासदांना प्रचंड मनस्ताप होत आहे. वारंवार फोन करूनही आपण दखल घेत नाही. आपले कर्मचारी नीट बोलत नाहीत. मागच्या बिलातही चूक आहे. तरी त्वरित लक्ष घालावे, अन्यथा आम्हाला योग्य ती पावले उचलावी लागतील. कळावे, लोभ असावा."

बी-४०१ : एकदम कडक. असंच पाहिजे 👍

बी-२०२ ताई : शनिवारी आमचे सासरे लिफ्टमध्ये अडकले होते, ते यात कुठेच नाही.

ए-१०४ काका : सचिवसाहेब, घाई करू नका. मी ३१ वर्षं आवक-जावक आणि पत्रव्यवहार सांभाळला, म्हणून हक्काने सांगतो. आपला राग रास्त आहे, पण हे पत्र जो उघडेल त्याच्या टेबलावर तुम्ही बसून बघा. त्याला आपली सोसायटी माहीत नाही. लिफ्ट कुठली, ए की बी? बंद पडली की दार लागत नाही? कधी? किती वेळा? आणि त्याने नेमकं काय करायचं? यातलं एकही उत्तर मसुद्यात नाही. "कित्येक महिने" वाचून कोणी कामाला लागत नाही. "१७ जून, दुपारी" वाचलं की त्याला स्वतःचं रजिस्टर उघडावं लागतं.

ए-१०४ काका : आणि बिलाचं पत्र वेगळं द्या. एका पत्रात एकच विषय. नाहीतर पत्र आधी हिशोब विभागात जातं, ते बिल दुरुस्त करतात, "निकाली" असा शेरा मारतात आणि लिफ्ट तशीच राहते. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बी-५०३ : काका, मी एआयकडून लिहून घेतलंय, भाषा मस्त आहे. टाकू का?

बी-५०३ : "आमच्या १२ मजली इमारतीतील ज्येष्ठ नागरिक व लहान मुले यांना होत असलेल्या गैरसोयीकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो..."

बी-२०२ ताई : आपली इमारत ७ मजली आहे 🙏

ए-१०४ काका : भाषा चांगली आहे, तीच तर भीती. वाचताना गुळगुळीत लागतं आणि चूक नजरेतून सुटते. समोरच्याला एक चूक सापडली की बाकीचं खरं असलं तरी त्याला उत्तर टाळायला जागा मिळते. आधी तारखा गोळा करा. वाक्यं मग कुणीही जुळवेल.

खजिनदार : वॉचमनच्या रजिस्टरचे फोटो टाकतोय. १२ मे, २९ मे, १७ जून, ५ जुलै. फोन केल्याची आणि माणूस आल्याची वेळ दोन्ही लिहिलेल्या आहेत. कराराची फाइलही माझ्याकडे आहे. कलम ६ : तक्रारीनंतर एका तासात तंत्रज्ञ यायला हवा.

ए-१०४ काका : शाब्बास. हे पत्राचं निम्मं काम झालं.

बी-४०१ : पण काका, जरा धाक नको का? "योग्य ती पावले" काढलं तर पत्र मऊ पडेल.

ए-१०४ काका : उलट आहे. "योग्य ती पावले" म्हणजे कुठली हे आपल्यालाच ठाऊक नाही, हे त्यांना लगेच कळतं. करारात आपल्याला काय करता येतं ते बघा आणि तेवढंच लिहा, कलमाच्या आकड्यासकट. "त्वरित" हाही तसाच शब्द. तारीख घाला. आणि "लोभ असावा" घरच्या पत्रात शोभतं, इथे "आपला विश्वासू" पुरे.

खजिनदार : कलम ११ मध्ये आहे. सेवा कराराप्रमाणे नसेल तर पुढच्या तिमाहीची रक्कम रोखता येते.

बी-५०३ : तारीख ०८/०७ अशी टाकली तर चालेल ना?

ए-१०४ काका : महिना अक्षरात लिहा. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो, तिकडच्या सवयीचा माणूस ०८/०७ म्हणजे ७ ऑगस्ट वाचेल. "८ जुलै २०२५" म्हटलं की प्रश्नच नाही.

ए-३०१ : कागदी पत्र कशाला? मेल टाका, दोन मिनिटांचं काम.

ए-१०४ काका : मेलही टाका, सही केलेल्या पत्राची पीडीएफ जोडून. अध्यक्ष आणि खजिनदार यांना सीसीत ठेवा. हा सीसी म्हणजे मूळचा कार्बन कॉपी. टाइपरायटरवर दोन कागदांमध्ये कार्बन घालून एका ठोक्यात दोन प्रती निघायच्या. १८०६ मध्ये इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुड यांनी त्या कागदाचं पेटंट घेतलं, नाव अजून चालू आहे. प्रत कुणाकुणाला गेली हे मूळ पत्रावर उघड लिहायचं असतं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे आणखी कुणाला माहीत आहे. कागदी पत्र मात्र हाताने नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या : शिक्का, सही, तारीख. दोन वर्षांनी समिती बदलेल तेव्हा नवीन सचिवाला तीच प्रत उपयोगी पडेल.

सचिव : पटलं. पुन्हा लिहिलंय, बघा.

"जावक क्र. ११/२०२५
दिनांक : ८ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, सेवा विभाग

विषय : 'बी' विंगच्या लिफ्टची तपासणी करून लेखी अहवाल मिळणेबाबत.
संदर्भ : वार्षिक देखभाल करार, दि. १ एप्रिल २०२५.

महोदय/महोदया,

'बी' विंगची लिफ्ट १२ मे, २९ मे, १७ जून व ५ जुलै २०२५ रोजी दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. प्रत्येक वेळी आपल्या तंत्रज्ञाने ती सुरू करून दिली. मात्र बिघाडाचे कारण एकाही सेवा अहवालात नोंदवलेले नाही. कलम ६ प्रमाणे तंत्रज्ञ एका तासात येणे अपेक्षित असताना १७ जून रोजी तो साडेचार तासांनी आला. ५ जुलै रोजी ७८ वर्षांचे एक रहिवासी २० मिनिटे आत अडकले होते.

तरी दि. १५ जुलै २०२५ पर्यंत वरिष्ठ अभियंत्याकडून तपासणी करून बिघाडाच्या कारणासह लेखी अहवाल द्यावा, ही विनंती. अहवाल न मिळाल्यास कलम ११ नुसार पुढील तिमाहीची रक्कम रोखण्याचा विषय कार्यकारिणीपुढे ठेवला जाईल.

आपला विश्वासू,
सचिव

सोबत : रजिस्टरमधील नोंदींच्या प्रती (४ पाने)
प्रत : अध्यक्ष, खजिनदार"

बी-४०१ : हे पहिल्यापेक्षा जास्त लागेल. माझा शब्द मागे घेतो.

ए-१०४ काका : छान. "एक रहिवासी" लिहिलंत, नाव घातलं नाहीत, तेही बरं केलंत. आता पाकिटात घालण्याआधी चारही तारखा रजिस्टरशी बोट ठेवून ताडून घ्या.

बी-२०२ ताई : मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, २० नाही, २२ मिनिटं. घड्याळ बघत उभे होते.

खजिनदार : रजिस्टरमध्येही ६:१० ते ६:३२ आहे.

सचिव : २२ केलं. प्रिंट काढतोय.